सुटलेला कोपरा

अकोल्यात एप्रिल सरत आला की कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं. दूध नासलं, ऊन. नळाला पाणी आलं नाही, ऊन. जावयाने फोन उचलला नाही, तरी ऊनच. त्यामुळे जठारपेठेतल्या उत्तमरावांच्या घरी आकांक्षाचा कम्प्युटर चालता चालता डोळे मिटू लागला, तेव्हा घरात कुणी दुसऱ्या कारणाकडे वळूनही पाहिलं नाही.

"त्याले ऊन लागलं," दुर्गाबाईंनी निदान केलं आणि स्वयंपाकघरातून एक कांदा आणून कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवला. उत्तमराव बाहेर पडताना खिशात ठेवतात, तसला.

"आई, कांद्यानं काय होते त्याले?"

"तुह्या बापाले काय होते? पण ठेवतात ना. असू दे."

उत्तमरावांनी त्यापुढची मजल मारली. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पाणी कुठून कुठे न्यावं याची जाण असलेले गृहस्थ. त्यांनी कॅबिनेट टेबलावरून उचलून खिडकीतल्या कूलरच्या थेट तोंडासमोर, स्टुलावर नेऊन बसवलं. ओल्या वाळ्याचा वास घेऊन येणारं वारं आता आधी कम्प्युटरला लागायचं आणि उरलंसुरलं माणसांना. तरी तो बंद पडायचा तो पडायचाच. पडद्यावर अर्धवट उमटलेलं घर क्षणात काळं व्हायचं, आणि खोलीत कूलरच्या पाण्याचा तेवढा टपटप आवाज राहायचा.

आकांक्षा बाळंतपणाला माहेरी आली होती, ती अजून इथेच होती. पूर्णाला पाचवा महिना लागला होता. नाव नदीचं; अकोल्याची नदी मोर्णा, म्हणून उत्तमराव चिडवायचे, "अकोल्यात झाली तं मोर्णा ठेवाचं होतं." अमरावतीला राजापेठेतलं सासरचं घर वरच्या मजल्यावरचं, डोक्यावर उघडा स्लॅब. लेकराला घेऊन उन्हाळा तिथे काढू नये, असं दोन्ही घरांनी ठरवलं. नवरा किशोर शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी जायचा.

तिच्या हाताला एक खोड जडली होती. बसता-उठता ती पूर्णाच्या कपाळाला हाताची पालथी बाजू लावून पाहायची. मग तोच हात मानेखाली, मग पोटावर. थर्मामीटर तर उशीखालीच असायचा. लसीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हसून सांगितलं होतं, "मुलगी उत्तम आहे. थर्मामीटर तेवढा कपाटात ठेवा." तिने तो कपाटात ठेवला होता खरा, पण कपाटाचं दार उघडं ठेवून. हल्ली तो पालथा हात पूर्णाच्या कपाळावरून निघून कॅबिनेटच्या पत्र्यावर जायचा. दोन लेकरं, दोन ताप, आणि मधे ती.

न बांधलेल्या घरांची चित्रं काढणं हे तिचं काम. अमरावतीला साधना मॅडम म्हणून आर्किटेक्ट होत्या, त्यांच्याकडे ती कॉलेज संपल्यापासून होती. नकाशावरच्या रेघांवर ती कम्प्युटरमध्ये भिंती उभ्या करायची, फरशा घालायची, खिडकीतून ऊन आत घ्यायची. तिच्या चित्रातल्या दोरीवर ओले कपडे वाळत घालावेत असं पाहणाऱ्याला वाटायचं. बाळंतपणानंतर तिने फोन केला, तेव्हा मॅडम प्रेमानेच म्हणाल्या होत्या, "बाळ लहान आहे अजून. घाई नको." ते दोन शब्द आकांक्षाने कितीतरी दिवस उलटेपालटे करून पाहिले. घाई नको म्हणजे तुझी गरज नाही, असंच ते दर वेळी तिच्या ओंजळीत पडायचे.

आणि मग मॅडमनी आपणहून एक काम दिलं. शेंदूरजनाघाटचे एक संत्र्याचे व्यापारी बागेच्या कडेला घर बांधत होते. त्यांना घराचा मागचा चौक कसा दिसेल ते पाहायचं होतं. "एकच चित्र कर," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी संध्याकाळी ते ऑफिसात येतायत. पाचच्या आत माझ्याकडे हवं. नाहीच जमलं तर नागपूरच्या मुलानं एक करून ठेवलंय, ते दाखवीन. मनाला लावून घेऊ नकोस." मनाला लावून घेऊ नकोस म्हटलेल्या गोष्टी आकांक्षा नेमक्या तिथेच लावून घ्यायची. त्या मुलाचं चित्र दाखवलं गेलं की पुढचं सगळं घर त्याचं होणार, आणि त्याच्या मागोमाग पुढची घरंही. मॅडम वाईट नव्हत्या. वहिवाट अशीच पडते.

आज शुक्रवार होता.

चित्र तयार होतं, म्हणजे तिच्या बाजूने तयार होतं. भिंती, फरशी, तुळशीजवळचा नळ, संत्र्याच्या झाडांची रांग. आता प्रत्येक उजेडाचा किरण कुठे आदळतो आणि कुठे वळतो याचा हिशोब कम्प्युटरने करायचा, म्हणजे चित्र जिवंत होणार. त्या हिशोबाला प्रोसेसरला दोनेक तास लागतात आणि तोवर त्याची चांगली दमछाक होते. गेले तीन दिवस तो सुरुवातीच्या काही मिनिटांतच नव्वदच्या वर तापत होता आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडत होता.

सकाळी तिने पुन्हा सुरू केला. पूर्णा साडीच्या झोळीत झोपली होती. झोळीची दोरी आकांक्षाच्या पायाच्या अंगठ्याला, डोळे पडद्यावर. चित्रात डिसेंबरची संध्याकाळ होती. फरशीवर संत्र्याच्या पानांची सावली हलकेच उमटत होती, ठिपक्या ठिपक्यांनी, जणू कुणी पाण्यात रांगोळी सोडतंय. तिचे डोळे जडावले. आपण त्या चौकात अनवाणी उभ्या आहोत, पायाखालची फरशी गार आहे, कडेवर पूर्णा आहे आणि तिच्या केसांना पिकल्या संत्र्याच्या सालीचा वास येतोय, असं तिला वाटलं. पलीकडे स्वयंपाकघराकडे जाणारं दार होतं, पण दारापलीकडे अजून काहीच उमटलं नव्हतं, नुसतं धुकं. ती त्या धुक्याकडे पाऊल टाकणार, तोच पडदा काळा झाला.

अंगठा थांबला, झोळी थांबली. पूर्णा झोपेतच ओठ हलवून पुन्हा गाढ झाली.

आकांक्षाने फोन उचलला आणि अनीसाला लावला.

अनीसा तिची पॉलिटेक्निकची मैत्रीण. लग्न होऊन अचलपूरला गेली, तिथे मुलींचा कम्प्युटरचा क्लास चालवायची. दोघींचं बोलणं आठवड्यातून एकदा तरी व्हायचंच, बहुतेक लेकरांच्या शी-शूवर.

"बोल वं," पलीकडून अनीसाचा आवाज आला आणि मागे फोडणीचा. "पोरगी बरी हाय ना?"

"पोरगी बरी आहे. कम्प्युटर तापून राहिला. अनीसा, आज नाही झालं तं काम गेलं माझं."

"किती तापते?"

"नव्वदच्या वर."

"आन हळूहळू तापते का एकदम?"

आकांक्षाने आठवून पाहिलं. ती तासन्‌तास पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे पाहत बसली होती, पण असा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. "एकदम. काम सुरू केलं की उडीच मारते."

"आन सकाळी? कोऱ्या सकाळी, ऊन नसते तवा?"

"तेव्हाही. नुसता सुरू केला तरी सत्तरच्या खाली नाही."

"मंग उन्हाच्या नावानं काहून रडून राहिली?" अनीसाने गॅस बारीक केला असावा; आवाज जवळ आला. "माठातलं पाणी उन्हात ठेव, तापाले दुपार लागते त्याले. हे उडी मारून राह्यलं म्हणजे गर्मी बाहेरून येत नाई, बाई. आतली बाहेर जात नाई. खोल त्याले. प्लग काढ आधी, अल्ला के वास्ते. मंग वरच्या पंख्याखाली ते पत्र्याच्या पात्यांचं असते ना, त्याले हात लावून सांग."

आकांक्षाने प्लग काढला. कॅबिनेट खोलायला तिचा जीव धजत नव्हता. किशोरने पैपै जमवून नव्हे, पण हौसेने ते अमरावतीत एका दुकानात समोर बसून जुळवून घेतलं होतं. आपल्या हातून आत काही तुटलं तर, या धाकाने ती आजवर फक्त बाहेरून धूळ पुसत आली होती. तिने बाजूचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला. आत दसऱ्याच्या अक्षतांचा एक दाणा अडकला होता आणि कडेला हळदीचा पिवळा ठसा. तिने आधी उगाच कडेच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवलं, मग पंख्याखालच्या चकचकीत पात्यांना. आणि मग, सवयीने, हाताची पालथी बाजू लावली.

"कोमट आहे," ती म्हणाली. "अनीसा, जेमतेम कोमट. आत्ता बंद पडला तरी."

"आत नव्वद आन वर कोमट. समजलं का काही?"

तिला समजलं. जणू शेजारच्या खोलीत लेकरू रडतंय आणि दार बंद असल्याने बाहेर सगळे निवांत जेवतायत. प्रोसेसरची आग वर पात्यांपर्यंत पोचतच नव्हती. पंखा बिचारा इमानाने फिरत होता, पण त्याच्या हाती वाहून न्यायला काही येतच नव्हतं. तिने मोबाइलचा उजेड पाडून खाली वाकून पाहिलं. पात्यांचा तो जडसा ठोकळा चार पायांवर उभा असतो. त्याचा वरचा एक पाय मदरबोर्डच्या हिरव्या पाटीतून सुटून वर आला होता, आणि ठोकळा त्या कोपऱ्यातून केसाएवढा कलला होता. एवढंसंच. नख आत जाईल एवढी फट.

"एक कोपरा सुटलाय."

"सुटणारच. अमरावतीहून आणला कसा तुमी?"

आकांक्षाने सांगितलं. मॅडमचं काम आलं तेव्हा किशोरने शनिवारी येताना कम्प्युटर एसटीने आणायचं ठरवलं. निघताना त्याने तो पेटीत आडवा ठेवला, तर त्याची आई, पार्वताबाई, मधे पडल्या. दसऱ्याला ज्याच्यापुढे नारळ फोडतो, ज्याला हळदकुंकू वाहतो, त्याला आडवं नेतात का? आडवा मुडदा नेतात. आणि पायाशी तर मुळीच ठेवायचा नाही. आईचं मन मोडायला नको म्हणून किशोरने तो गोधडीत गुंडाळून मांडीवर उभा धरला, गणपती धरावा तसा. मूर्तिजापूरला बस बिघडली. पुढच्या बसमध्ये मागच्या चाकावरची सीट मिळाली, तरी त्याने हात सोडला नाही. अकोल्याला उतरला तेव्हा त्याच्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचं तेज होतं.

अनीसा इतकी हसली की मागे तिचा मुलगा "अम्मी, काय झालं" म्हणून विचारू लागला. "अवं, तो ठोकळा लोंबून राहते उभा असला की. भिंतीवर घड्याळ लावावं तसा. आडवा ठेवला असता तं आपल्या वजनानं बसून राहिला असता. तुह्या सासूनं त्याची इज्जत केली आन त्याचाच पाय काढला."

"सासूबाईंना नको सांगू."

"मी काहून सांगू? मले काय त्यांच्या घरी जेवाले जाचं नाई?"

मग अनीसाने नीट सांगितलं. चारही पाय सोडवायचे, ठोकळा उचलायचा, प्रोसेसरची गर्मी ठोकळ्यापर्यंत पोचवणारी खालची जुनी पेस्ट स्पिरिटने पुसायची, नवी लावायची आणि पुन्हा पक्का बसवायचा. पेस्ट नवीच पाहिजे. एकदा फाकलेली जुनी पुन्हा धरत नाही.

पेस्ट आणायला उत्तमराव निघाले. दुर्गाबाई म्हणाल्या, "लू चालून राहिली, कोठी जाता?" पण ते डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, खिसा चाचपून गेलेसुद्धा. बाहेर डांबरावर वाफेची नदी हलत होती, आणि ते त्या नदीतून स्कूटरवर तरंगत दिसेनासे झाले. आकांक्षा दारात उभी राहून पाहत होती. आता तिची काळजी तीन ठिकाणी वाटली गेली: झोळीत, स्टुलावर आणि रस्त्यावर.

ते परत आले ते घामाने चिंब, पण खुशीत. "तो दुकानदार म्हणे, काका, कम्प्युटर घरी कायले खोलता, घेऊन या. मी म्हणलं, माही पोरगी घर बांधते कम्प्युटरमदी, तिले एक पाय बसवता नाई येत?" त्यांनी इंजेक्शनसारखी दिसणारी बारीक नळी तिच्या हातावर ठेवली. "चूक तं नाई ना बोललो?"

तिने माठातल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला. 

कॅबिनेट आता जमिनीवर, सतरंजीवर आडवं होतं. तिने एकेक पाय फिरवून सोडवला. ठोकळा उचलताच खाली प्रोसेसर दिसला, लहानसा, चौकोनी, आणि त्यावर वाळल्या चुन्यासारखी पेस्ट, अर्ध्या भागात भेगाळलेली. पूर्णाच्या नाळेसाठी आणलेलं स्पिरिट कपाटात होतं. कापसाच्या बोळ्याने तिने हळूहळू पुसलं, तशी खालून धातूची आरशासारखी पाठ निघाली. तिच्यात छताचा पंखा दिसत होता, दाण्याएवढा, गरगर फिरणारा. ती क्षणभर त्यातच पाहत राहिली. एवढ्याशा अंगणात तिचं सगळं घर उभं राहायचं होतं.

नळी दाबून तिने हरभऱ्याच्या डाळीएवढी पेस्ट मधोमध ठेवली. ठोकळा वरून सरळ खाली टेकवला. आता दाबायचं.

फोन स्पीकरवर होता. "एकेक नको दाबू," अनीसा सांगत होती. "एक बाजू बसली की दुसरी उचलते. तिरपे दोन एकदम. मंग दुसरे तिरपे दोन. टक्क वाजलं पायजे."

आकांक्षाने दोन अंगठे समोरासमोरच्या तिरप्या पायांवर ठेवले आणि दाबलं. खालची हिरवी पाटी किंचित वाकली, कुरकुरली. तिने हात झटकन मागे घेतला.

"वाजलं?"

"नाही. मोडेल, अनीसा. वाकून राहिली पाटी."

"वाकते थोडी. दाब."

तिने पुन्हा ठेवले, पुन्हा दाबलं, पुन्हा कुरकुर ऐकली आणि सोडलं. तिने तळहात पदराला पुसले. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवूनही तिने पाहिलं. आत्ता या क्षणी हे बसलं तरच चित्र पाचच्या आत होणार होतं.

झोळीशेजारी बसलेल्या दुर्गाबाई हे सगळं पाहत होत्या. त्यांना त्यातलं नाव एकही माहीत नव्हतं. पण मुलीचे हात माहीत होते. रोज सकाळी पूर्णाला तेल लावायचं त्याच करायच्या, कारण आकांक्षाचा हात लेकराच्या अंगावर पडायचाच नाही. पाण्यावरून मोरपीस फिरवावं तसा वरच्या वर फिरायचा. आणि मालिश झाली की शेवटी उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला, असं घडी घालताना आकांक्षा खोलीबाहेर जायची.

"आकू," त्या म्हणाल्या, "पोरीचे हातपाय मी कसे घेतो?"

"तिरपे."

"आन तुले वाटते का, मी मोडतो तिले?"

"नाही."

"मंग तिले काय वाटत असन? कोणी धरलं हाय, असंच वाटते. वरवर हात फिरवला तं लेकरू उलट दचकते. धर ना त्याले. भेऊन कोणी धरते का?"

अनीसा फोनमधून म्हणाली, "सलाम, काकू. बराबर बोलून राहिल्या."

"तू कोठी होती वं, आवाज नाई तुहा?" दुर्गाबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. "पोराले घेऊन ये एक डाव. रस्ता काय लंब हाय का?"

या दोघींच्या बोलण्यात कुठेतरी आकांक्षाचा श्वास खाली बसला. तिने अंगठे ठेवले. डोळे मिटले नाहीत, पण पाहणं सोडून दिलं. सगळं पाहणं अंगठ्यात उतरू दिलं. पाटी कुरकुरली. ती थांबली नाही. टक्क. दोन्हीकडून एकदमच आवाज आला, कोवळी भेंडी मोडावी तसा. मग दुसरे दोन. टक्क. तिने ठोकळा बोटांनी हलवून पाहिला. तो हलला नाही. कॅबिनेटच सतरंजीवर हललं.

पाटीमागून चारही पाय बाहेर डोकावतात का ते तिने उजेड पाडून पाहिलं, पंख्याची वायर जोडली, पत्रा लावला, प्लग लावला. आकडा उमटला तेव्हा आधी तिचा विश्वास बसेना. बेचाळीस. तिने चित्राचा हिशोब सुरू केला. आकडा चढला. पन्नास, अठ्ठावन्न, त्रेसष्ट. दर वेळी इथून तो उडी मारायचा. तिने ओठ दाताखाली धरला. सदुसष्टवर तो थबकला, जरा वर गेला, खाली आला आणि घुटमळत तिथेच राहिला.

"अनीसा."

"ऐकून राहिलो."

"सदुसष्ट."

"तं मंग ठेव आता फोन. माही भाजी करपली तुह्यापायी." पण तिने लगेच ठेवला नाही. "आन आकांक्षा, त्याच्याकडे पाहत नको बसू. नजर लावून थंड होत नसते काहीच."

हे ऐकायला ठीक होतं. आकांक्षा पडद्यासमोरून हलली नाही. एवढ्यात पूर्णा उठली आणि भुकेचं, उतावळं रडू लागली. आकांक्षा अर्धी झोळीकडे वळली, अर्धी पडद्याकडे राहिली.

"तू तिले घे," दुर्गाबाई उठून खुर्चीवर येऊन बसल्या. "मी पायतो याले. कोणता नंबर, हा?"

"हा. पंच्याऐंशीच्या वर गेला तं सांग."

आकांक्षा पूर्णाला घेऊन भिंतीशी टेकून बसली. पदराआड लेकरू पिऊ लागलं. त्याच्या गिळण्याचा बारीक आवाज आणि कूलरची घरघर एकात एक मिसळली. आणि वरून दुर्गाबाईंचा आवाज, एकसुरी, बसमधल्या कंडक्टरने थांबे सांगावेत तसा. "अडुसष्ट. सदुसष्ट. सदुसष्टच हाय. आता सहासष्ट झालं बाप्पा. बरं हाय लेकरू. पुन्हा सदुसष्ट." तो आवाज ऐकता ऐकता आकांक्षाची पापणी मिटली. आकडे फरशीवर पडू लागले, पिकल्या संत्र्यांसारखे, एकेक, गोल, आणि घरंगळत गेले. त्यांच्या मागे मागे ती चालत राहिली. भिंत सावलीत होती. सावलीला हात लावला तर ती गार लागली. कुणी तरी पलीकडून कितीवर आलं ते सांगत होतं, आणि कुणी तरी सांगतंय म्हणून तिला मागे वळून पाहावं लागत नव्हतं. कितीतरी महिन्यांत तिने असं काही कुणावर सोडलं नव्हतं.

"आकू, अवं ऊठ. नंबर खालीच जाऊन राहिला. चाळीस. पंखा भी शांत झाला. मेला का काय?"

ती धडपडत उठली. मेला नव्हता. काम संपलं होतं. पडद्यावर डिसेंबरची संध्याकाळ कडेपासून कडेपर्यंत उमटली होती: ओली फरशी, नळाखालचा डाग, पानांमागून तिरपा येणारा उजेड. उत्तमराव चष्मा लावून जवळ आले आणि म्हणाले, "नळ जरा तुळशीकून लंब घे. मुळाले सारखं पाणी चांगलं नाई." पाटबंधारे खातं शेवटी पाटबंधारे खातंच.

"आता नाही बाबा," ती म्हणाली आणि पाठवण्याचं बटण दाबलं. चित्र गेलं. पाचला अजून थोडा वेळ होता.

संध्याकाळी लाइट गेली. ऊन उतरल्यावर अकोल्यातली सगळी घरं वर येतात. तशी ही मंडळीही गच्चीवर आली. उत्तमराव बादलीने स्लॅबवर पाणी टाकत होते. पाणी पडलं की स्लॅब चर्र करायचा आणि वाफ उठायची, पायाभोवती रेंगाळायची, आणि त्या वाफेत शेजारच्या गच्चीवरची माणसंही ढगात उभी असल्यासारखी दिसायची. पूर्णा आजीच्या कडेवरून पाण्याच्या प्रत्येक हबक्याला दचकून हसत होती. आकांक्षाच्या हातात फोन होता. तो वाजत नव्हता. व्यापारी येऊन गेले असतील. नसतील. नागपूरच्या मुलाचं चित्रही दाखवलं असेल. दोन्ही शेजारी ठेवली असतील.

फोन वाजला तेव्हा ती कठड्याशी गेली.

"आकांक्षा," साधना मॅडमचा आवाज दमलेला होता. "चित्र बघून ते गृहस्थ खुर्चीवरून उठलेच. मला वाटलं, गेलं काम. मग बायकोला म्हणाले, इथं खाट टाकू, तू इथं बस. आणि मग भांडायलाच लागले की खाट कुठल्या भिंतीला." त्या हसल्या. "सगळं घर करायचंय तुला. स्वयंपाकघर आधी. पण बाळ लहान आहे, मी घाई करत नाही. तू सांग."

आकांक्षाने मागे पाहिलं. वाफेत आई आणि पूर्णा दोघींची मिळून एकच आकृती दिसत होती. पूर्वी ती लगेच म्हणाली असती, हो मॅडम, आजच सुरू करते, रात्री बसते. जीभ तशीच वळूही लागली होती.

"करते, मॅडम," ती म्हणाली. "मला पूर्णाची मालिश, अंघोळ आटोपली की बसता येईल. त्याआधी नाही. मालिश आता मीच करणार आहे."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग स्वयंपाकघर जरा उशिरा आलं तरी चालेल."

"त्यांना एक विचारून ठेवा," आकांक्षा म्हणाली. "चूल कुठल्या भिंतीला हवी? त्यावर भांडून झालं की मला कळवा."

खाली कुणाच्या तरी घरी इन्व्हर्टर सुरू झाला. उत्तमरावांनी शेवटची बादली ओतली, आणि ओल्या स्लॅबवर सगळ्यांचे पाय हळूहळू गार होऊ लागले.